दर शुक्रवारी दुखणारं पोट

"ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून आले आहे. पुणे विद्यापीठात एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. सगळे चांगले आहेत, मला सांभाळून घेतात. पण दर शुक्रवारी संध्याकाळी नवा कॅफे शोधायचा असा त्यांचा नेम आहे. कधी बाणेर, कधी औंध, कधी कोरेगाव पार्क. तिथे माणशी चारशे-पाचशे सहज जातात. बाबा जे पाठवतात त्यात मेस, झेरॉक्स आणि मोबाइलचं जेमतेम भागतं. सुरुवातीला गेले. आता पोट दुखतंय, गावची मैत्रीण आलीये, असाइनमेंट राहिलीये, असं काहीतरी सांगते. त्यांना वाटायला लागलंय की मलाच त्यांच्यात यायचं नाही. आणि खरं सांगू का, मलाही कुठेतरी छान जागी बसायचंय. इतके महिने झाले, पण मेस, डिपार्टमेंट आणि जयकर लायब्ररी सोडून मला इथलं काही माहीत नाही. एकटीनं कुठे जाऊन बसायचं तर लोक बघतात. काय करू?
– वसतिगृहातली एक"

अगं, आधी तुझ्या पोटाचं बघू.

चारदा पोट दुखलं की पाचव्यांदा कोणी विचारत नाही. तुझ्या ग्रुपचं तेच झालंय. तुला परवडत नाही हे त्यांना माहीतच नाही. त्यांच्या डोळ्यासमोर फक्त एक मुलगी आहे, जी दर आठवड्याला टाळते. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा आहे, पण त्यांच्या जागी तू असतीस तर तूही तोच काढला असतास. म्हणून या शुक्रवारच्या आत, ग्रुपमधली जी तुला सगळ्यात जवळची वाटते तिला गाठ आणि सांग: "मला महिन्यातून एकदाच कॅफे परवडतो. बाकीच्या शुक्रवारी कुठे जायचं ते मी ठरवते." एवढंच. बाबांची शेती, या वर्षीचं सोयाबीन, भावाची फी, यातलं काहीही सांगायची गरज नाही. मागितल्याशिवाय हिशेब देऊ नये. आणि हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नकोस, तोंडी सांग. लिहिलेलं वाचून पाच जण पाच अर्थ काढतील आणि एक जण रडका इमोजी टाकेल.

त्या दोन वाक्यांतलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. नुसतं "परवडत नाही" म्हटलंस तर ते तुझे पैसे भरायला लागतील. एकदा बरं वाटेल, तिसऱ्यांदा तुलाच घास गिळायचा नाही. "मी ठरवते" म्हटलंस की काम तुझ्याकडे येतं. सहा जणांत दर आठवड्याला जागा शोधण्याचा कंटाळा आलेला निदान एक जण असतोच, आणि तुझ्यासारखाच खिसा चाचपत बसणाराही एखादा असेल. फक्त त्याचं पोट अजून दुखायला लागलेलं नाही.

महिन्यातून एकदा जाशील त्या कॅफेबद्दलही दोन गोष्टी सांगते, कारण तिथे पोरं उगाच लुटली जातात. पहिली म्हणजे बिल. सहा जणांत समान भागायचं नाही, टीटीएमएम करायचं, म्हणजे तुझं तू, माझं मी. ज्यानं पास्ता आणि ब्राउनी खाल्ली त्याचं त्यानं द्यायचं. ही पुण्याची जुनी रीत आहे, यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. बिलात "सर्व्हिस चार्ज" लावला असेल तर तो काढून टाका म्हणून सांगता येतं. तो सक्तीचा नाही, 2022 सालीच ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं स्पष्ट केलंय. जीएसटी मात्र द्यावा लागतो. पाणी मागताना "साधं पाणी" म्हणायचं, नाहीतर झाकण उघडलेली बाटली समोर येते. दुसरी गोष्ट, त्या किमतीत कॉफी थोडी आणि खुर्चीचं भाडंच जास्त असतं. ते भाडं देऊन अर्ध्या तासात उठू नका. दिलंच आहे तर चांगले दोन तास बसा.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. खरं सांगायचं तर तुझं पत्र मी याच्यासाठी निवडलं.

तू इतिहास शिकतेस आणि 411 एकरांच्या इतिहासात झोपतेस, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. विद्यापीठाची ती मनोऱ्याची मुख्य इमारत, जिच्यासमोर पदवीदानाला सगळे फोटो काढतात, ती विद्यापीठासाठी बांधलेली नाही. 1860च्या दशकात ती मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधायला घेतली. पावसाळ्यात मुंबई सोडून साहेब इथे येऊन राहायचे. विद्यापीठ आलं ते 1949मध्ये. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे तू रोज ज्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसतेस ते.

याच इमारतीत 22 जून 1897च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती. पुण्यात प्लेग होऊन गेलेला, प्लेग कमिटीच्या रँडनं घरोघरी घातलेला धुमाकूळ लोक विसरले नव्हते. मेजवानी संपवून रँडची बग्गी बाहेर पडली आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याला गोळी घातली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी. "गोंद्या आला रे" ही त्यांची खूण. आज ई-स्क्वेअरपाशी तू पीएमपीच्या बसची वाट बघत उभी राहतेस, तो हाच रस्ता. ग्रुपला एका शुक्रवारी मुख्य इमारतीपाशी बोलाव आणि तिथून गणेशखिंड रस्त्यानं चालत चालत हे सांग. चौकातला गोंगाट आणि मेट्रोचे खांब मध्ये येतील, येऊ देत.

त्याच्या ऐंशी वर्षं आधीची गोष्ट हवी असेल तर तीही इथलीच. 5 नोव्हेंबर 1817ची पेशवे आणि इंग्रजांमधली खडकीची लढाई याच परिसरात झाली. पेशव्यांचं सैन्य गणेशखिंडीच्या बाजूनं उतरलं, सेनापती बापू गोखल्यांचं घोडदळ दौडत निघालं आणि दलदलीत अडकलं. दुसरा बाजीराव लांब पर्वतीवरून बघत होता. तुमच्या सरांनी वर्गात हे शिकवलं असेलच. पण औंध-खडकीच्या बाजूचा तो उतार डोळ्यांनी बघितला की फौजा कुठून आल्या असतील याचा अंदाज बांधता येतो. वर्गातल्या फळ्यावर ते होत नाही.

चहाला अनिकेत कँटीन आहेच. तिथे तू गेली असशील, पण बहुतेक घाईत. संध्याकाळी जा, डिपार्टमेंटं सुटल्यावर. मराठवाड्याची, खानदेशाची, विदर्भाची पोरं तिथे एमपीएससीच्या नोट्स घेऊन वाद घालत बसलेली असतात, परदेशी विद्यार्थी त्यांच्या भाषेत. माझ्या मते विद्यापीठात बसण्यासारखी सगळ्यात जिवंत जागा तीच आहे. सजावट शून्य. फोटो काढण्यासारखं तिथे काहीही नाही, आणि म्हणूनच लोक एकमेकांकडे बघून बोलतात.

आवारातच आयुका आहे. 1988मध्ये जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. आत मधल्या मोकळ्या जागेत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि एक फुकोचा लंबक आहे. तो झुलता झुलता हळूहळू दिशा बदलतो, कारण त्याच्याखालची पृथ्वी फिरते. पुण्याच्या अक्षांशावर त्याला पूर्ण वर्तुळ घ्यायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे पाच मिनिटं बघून "काही होत नाही" म्हणायचं नाही. आत जायला परवानगी लागते, पण 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी ती सगळ्यांसाठी खुली असते. तारीख लिहून ठेव, गर्दी असते.

आवाराबाहेर पडल्यावर माझा नंबर एकचा सल्ला: टेकडी. पुण्यात टेकडीवर जाणं ही सवय आहे. ती लागली की माणूस इथला होतो, आधार कार्डावर पत्ता कुठलाही असो. तुला सगळ्यात सोयीची चतुःशृंगी. सेनापती बापट रस्त्यावर देवीचं देऊळ, पायऱ्या चढून गेलं की वारा. नवरात्रात तिथे जत्रा भरते, तेव्हा मात्र निवांतपणा मिळायचा नाही, पाळणे आणि बांगड्यांसाठी जा. फर्ग्युसन कॉलेजच्या मागे हनुमान टेकडी आहे, चढ लहान, वरून खालचं शहर आणि समोर पर्वती दिसते. आणि सगळ्यांत मोठी वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा. गोखलेनगरकडून, लॉ कॉलेजकडून किंवा पाषाणच्या पंचवटीकडून चढता येतं. वर वेताळाचं देऊळ, जुनी दगडाची खाण आणि तिच्यात साठलेलं पाणी, गवतात मोर. हवा स्वच्छ असेल तर सिंहगडाचा टॉवर दिसतो.

एकदा तरी सकाळी सहाला जा. तुला वाटेल की तू एकटीच असशील. तिथे निवृत्त बँकवाले काठ्या घेऊन सराइतासारखे झपझप चढत असतात, एक काका भटक्या कुत्र्यांना नावानं हाका मारून बिस्किटं घालत असतात, आणि कुठल्या तरी दगडावर चार बायका पर्समधून डबे काढून पोहे खात असतात. ओळख नसली तरी समोरून येणारा "नमस्कार" म्हणतो. पुणेकर खाली रस्त्यावर असं वागत नाहीत, उंचीचा काहीतरी परिणाम असावा. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत गुडघ्याएवढं असतं आणि त्यात फुलं. एप्रिल-मेमध्ये सगळं पिवळं आणि तापलेलं, तेव्हा नको.

टेकडीवर जाताना एक नियम मात्र पाळायचाच. अंधार पडल्यावर थांबायचं नाही, आडवाटेला दोघा-दोघींनीसुद्धा जायचं नाही. या टेकड्यांवर लूटमार झाल्याच्या बातम्या येत असतात. सहा जणांचा ग्रुप असेल तर सूर्यास्त बघा आणि लगेच उतरा. एकटीनं जायचं तर सकाळी, फिरणाऱ्यांच्या वाटेनं. खाणीच्या कडेवर सेल्फीसाठी बसणाऱ्याला तिथल्या तिथे ओरड, भले तो राग धरो.

पाषाण तलावही आहे. साहेबांच्या काळात रामनदीवर बांध घालून तो केला, आणि त्याचं पाणी गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे तुमच्या मुख्य इमारतीला जायचं. आता पाण्यावर बऱ्याचदा जलपर्णी असते आणि वासही येतो, खोटं कशाला सांगू. हिवाळ्यात पक्षी बघायचे असतील तरच जा.

आता डेक्कन आणि फर्ग्युसन रस्ता, कारण ते टाळून पुण्यात राहता येत नाही. वैशालीला ग्रुपनं एकदा जायला हवं. बाहेर नाव सांगून थांबावं लागतं, आत खुर्चीच्या मागे पुढचं गिऱ्हाईक तुमचा शेवटचा घास मोजत उभं असतं. एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) आणि फिल्टर कॉफी घ्यायची. तिथे गप्पांचा फड जमवायचा विचार करू नका. तसं करणारी एक पिढी होती, ती आता सकाळी सातला येते. इडली, आप्पे हवे असतील तर वाडेश्वर.

आणि एकटीनं बसायचं असेल तर गुडलक. म्हणूनच त्याचं जरा सविस्तर सांगते.

कॅफे गुडलक 1935पासून डेक्कनच्या त्या चौकात आहे. चौकालाच त्याचं नाव पडलंय. इराणी हॉटेलाची रीत अशी की टेबल तुमच्या मालकीचं नसतं. जागा असेल तिथे बसायचं, गर्दी असली तर समोर अनोळखी माणूस येऊन बसतो, आणि कोणीही कोणाची चौकशी करत नाही. बन-मस्का मागवायचा. बन आडवा कापलेला असतो, मधला मस्का इतका जाड की पहिल्या घासाला तो बाहेर येतो आणि बोटांना लागतो. चहा गोड आणि दाट. बन चहात बुडवायचा, पण पटकन उचलायचा, नाहीतर खालचा भाग कपात राहतो आणि वर मस्क्याचे पिवळे थेंब तरंगतात. तसं झालं तरी चालतं, चमचा मागायचा. सकाळी लवकर गेलीस तर पेपर वाचणारे म्हातारे, रात्रभर जागलेले विद्यार्थी आणि ड्यूटी संपवून आलेले लोक भेटतील. तिथे एकटं बसलेल्याकडे कोणी बघत नाही, कारण निम्मे लोक एकटेच असतात.

तुला वाटतं लोक बघतात. काही बघतातही, विशेषतः नव्या कॅफेंमध्ये, जिथे प्रत्येक टेबल दोघांसाठी मांडलेलं असतं आणि वेटर विचारतो, "अजून कोणी येणारे?" "नाही, एकच" म्हणायचं, आणि "फक्त", "सध्या तरी" असले शब्द पुढे जोडायचे नाहीत. भिंतीकडेची खुर्ची घे, म्हणजे पाठ सुरक्षित राहते आणि दार दिसतं. बसल्या बसल्या ऑर्डर दे. मेन्यू घेऊन घुटमळलं की आपणच आपल्याला परके वाटायला लागतो. पहिल्यांदा पुस्तक ने, दुसऱ्यांदा नाही नेलंस तरी चालेल. फोनमध्ये मात्र डोकं घालून बसू नकोस, कारण मग आपण एकटे बसलो नाही, फक्त दुसरीकडे होतो. आणि कोणी खरोखरच त्रास देत असेल, टक लावून किंवा मुद्दाम शेजारी येऊन, तर लाजत बसू नकोस. उठून थेट गल्ल्यावर सांग. आपल्या हॉटेलात तमाशा झालेला गल्ल्यावरच्या माणसाला नको असतो.

तुझ्या विषयाच्या माणसाला आणखी एक जागा: लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. 1917ची संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली, 1966मध्ये ती पुरी झाली. कामासाठी जा, विभागाचं पत्र घेऊन, आणि बाहेर पडल्यावर तिथल्या झाडांखाली थोडी बस. त्याच रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह आहे, तिथे अधूनमधून जुने चित्रपट दाखवतात. ग्रुपमधल्या सिनेमावेड्या मुलाला हे काम सोपव, तो माहिती काढेल आणि तुझ्यावर खूश होईल.

आता पहिल्या शुक्रवारचं ठरवून देते, म्हणजे तुला विचार करत बसायला नको. पाच वाजता सगळ्यांना मुख्य इमारतीसमोर बोलाव. रँडची गोष्ट तिथेच सुरू कर, लांबवू नकोस, दहा मिनिटं बास. चालत चतुःशृंगी, दिवस आहे तोवर वर, दिवे लागायला लागले की खाली. परत येऊन अनिकेतला चहा आणि काय खायचं असेल ते. सगळ्यांचे मिळून जेवढे होतील, तेवढ्यात बाणेरला एकाचं भागलं नसतं. कोणी कुरकुरलं की "हे काय, चालायला लावतेस" तर त्याला पुढच्या शुक्रवारची जागा ठरवायला सांग, अट एकच, माणशी शंभराच्या आत.

ता. क. ओळखपत्र गळ्यात नाही तर निदान पर्समध्ये ठेव. विद्यापीठाच्या गेटवर रात्री उशिरा परतताना सुरक्षारक्षक मागतात, आणि फर्ग्युसनच्या आवारातून टेकडीकडे जायचं म्हटलं तर तिथेही अडवू शकतात. वसतिगृहाच्या वेळेच्या आत परत ये. रेक्टर मॅडमना "ताईंनी सांगितलं होतं" असं सांगू नकोस.